तिसरा फाटा

खांबावरच्या केबलच्या पेटीचं झाकण उघडलं की आतून ऊब यायची, निजलेल्या जनावराच्या नाकातून यावी तशी. एरवी तिला ती आवडायची. आज मात्र शिडीवर उभं राहून तिनं झाकणाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

कानातल्या यंत्रात मावशी होती. मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. केबल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसून बसून ती सगळ्यांची मावशी झाली होती. खांबावर चढणाऱ्या या बाईला 'सुपली' हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण दाण्यांतून खडे निवडावेत तशी ही तारेतली खरखर निवडून काढायची.

सुपलीनं विचारलं, "आली का खरखर, मावशी?"

"आली. सासू यावी तशी, जेवणं आटोपल्यावर आणि न सांगता."

तार एकच असते, पण तिच्यात वाटा दोन असतात. उतरणीच्या वाटेनं चित्रं, गाणी, बातम्या घराघरांत येतात. ती वाट सोपी; एक तोंड आणि शेकडो कान. परतीची वाट अवघड. घराघरांतलं बोलणं, लिहिणं, मागणं आधी फाट्यांवर गोळा होतं, फाटे खांबावरच्या या पेटीत येऊन मिळतात, आणि तिथून सगळं काचेच्या एका तारेतून कंट्रोल रूमकडे जातं. तोंडं शेकडो आणि कान एक. त्यांतल्या एका घरात जरी जोड सैल राहिला, तरी बाहेरची खरखर त्या फटीतून आत शिरते, वर चढते आणि सगळ्यांच्या बोलण्यावर बसते. दार उघडं एकाचं, झोप उडते साऱ्या गल्लीची.

गेले काही दिवस हेच चाललं होतं. सकाळी मावशीचा पडदा धुतल्या पाटीसारखा. दुपार कलली की त्याच्या तळाशी खरखरीचं गवत उगवायचं, बघता बघता कंबरेला लागायचं, आणि दिवेलागणीच्या आत कुणी विळा फिरवावा तसं नाहीसं व्हायचं. मावशीला जे जे येत होतं ते सगळं तिनं करून पाहिलं. बोलण्याचा वेग उतरवला. गोंगाटात माणूस सावकाश बोलतो, एकेक शब्द दोनदा सांगतो, तसं घरोघरच्या मॉडेमांना बोलायला लावलं. मग त्यांचा आवाज चढवून पाहिला. पण सगळेच ओरडायला लागले की ओरडण्याचाच गोंगाट होतो. गवत वाढतच गेलं, आणि काल तर निम्मी वस्ती मुकी झाली.

वस्ती मुकी झाली की लोक फोन करतात, शिव्या देतात. शिव्यांची सुपलीला सवय होती. तिला भीती होती ती एकाच घराची, आणि ते घर तिचं स्वतःचं होतं.

घरी बाबा होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगला बोलती करणारे. आता त्यांच्याच छातीतली स्प्रिंग सैल पडली होती. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं घरघरणारं मशीन, बोटाला चिमटा आणि चिमट्याची वायर एका पांढऱ्या डबीत. रक्तातला ऑक्सिजन घसरला की डबी ओरडायची आणि त्याच दमात केबलच्या तारेवरून हॉस्पिटलला निरोप जायचा. तिथली नर्स सुपलीला फोन करायची, आणि लागलं तर गाडी पाठवायची. आतली ती खोली तळमजल्यावरची, तिन्ही अंगांनी भिंतीत चिणल्यासारखी. मोबाइल तिथे लागतच नसे. म्हणून डबी तारेलाच बांधलेली. धाकटी बहीण जेवणापर्यंत घरी असायची, मग तिला दुकानात कामावर जावं लागायचं. सुपली परतायची संध्याकाळी. मधल्या दुपारी बाबांच्या सोबतीला ती डबी आणि ती तार, बस.

गेल्या महिन्यात दोनदा गाडी आली होती. दोन्ही वेळा बाबा परत आले, पण दर वेळी थोडेसे तिकडेच राहून आले.

आणि आता दुपारी दुपारीच तार बहिरी होत होती. डबी ओरडली आणि निरोप खरखरीत बुडाला तर? विहिरीत पडलेल्या माणसानं हाक मारावी आणि वर वाजंत्री चालू असावी, तसं. या विचारासरशी तिच्या हातातला पाना निसटायचा. हॉस्पिटलच्या नर्सनंही मागे एकदा विचारलं होतं, दुपारी तुमच्या घराशी संपर्क तुटतो, सगळं ठीक आहे ना. तेव्हा सुपलीनंच तिला सांगितलं होतं की आमच्या भागातच लाइनला त्रास आहे, मीच त्याच्या मागावर आहे, संपर्क तुटला तरी घाबरू नका. नर्स बरं म्हणाली होती. तिनं आपल्याच तोंडानं राखणदाराला झोपायला सांगितलं होतं.

खरखर शोधायची रीत साधी आहे आणि थोडी निर्दय. पेटीत चार फाटे येतात. प्रत्येक फाट्याच्या परतीच्या वाटेवर नखाएवढी एक खुंटी असते, तिला पॅड म्हणतात. पॅड उपसला की तो फाटा तेवढ्यापुरता मुका होतो, आणि कंट्रोल रूममध्ये मावशी पडद्याकडे बघते. गवत तसंच राहिलं तर चोर दुसरीकडे. गवत खाली बसलं तर चोर याच फाट्यात. पटकन उपसून पटकन लावला तर घरांना कळतही नाही. उशीर झाला तर फाट्यावरची सगळी मॉडेमं झोपतात आणि मग एकेक करून, नाव-गाव सांगत, सावकाश जागी होतात. तेवढा वेळ त्या घरांतून कुणाचीही हाक बाहेर जात नाही.

सुपलीनं रोज पहिला उपसला होता, दुसरा उपसला होता, चौथा उपसला होता. तिसऱ्या फाट्यावर बाबा होते. पहिल्याच दिवशी तिनं मावशीला सांगितलं, तिसरा नको, आणि मावशी म्हणाली, राहू दे. त्यानंतर दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही. तीन फाट्यांत काही सापडेना, तेव्हा त्यांनी पेटीचं रबर बदललं, गंज खरवडला, आतली एक पट्टीसुद्धा नवी बसवली. दोघींनाही माहीत होतं की चारातून तीन गेले की एक उरतो. पण भीती माणसाला मोठं विचित्र गणित शिकवते. त्यात चारातून तीन गेले की काहीच उरत नाही.

संशय आला तोही भलत्यावर. सुपलीच्या घराच्या भिंतीला भिंत लावून शिंपीकाकांचं दुकान होतं, आणि काकांच्या शिलाई मशीनची मोटर म्हणजे ठिणग्यांची आतषबाजी. पडद्यावरचं गवतही मोटरीच्या खरखरीसारखंच, दातेरी. सुपली मुद्दाम सकाळी जाऊन बघून आली. मोटर जोरात चाललेली आणि इकडे मावशीचा पडदा स्वच्छ. मोटर दिवसभर चालते, खरखर दुपारीच येते; म्हणजे काका सुटले. काका म्हणाले, माझ्या मशीनला काय हवं ते म्हण, फक्त माझ्या शिवणीत खोट काढू नकोस, नाहीतर तुझ्या बाबांच्या पायजम्याची नाडी आत राहील. ती हसली होती. हसता हसता एक गोष्ट तिच्या हातून निसटली, ती अशी की खरखर कोण करतं हा प्रश्नच नव्हता. दार कोण उघडतं, हा प्रश्न होता.

आज मावशीच्या आवाजात हसू नव्हतं. वस्ती पुन्हा मुकी व्हायला लागली होती. कंपनीचे साहेब तिच्या पाठीमागे येऊन उभे राहून गेले होते.

मावशी हळूच म्हणाली, "सुपले, आता तिसरा."

सुपलीनं थोडा वेळ मागून घेतला. शिडीवरूनच धाकटीला फोन लावला. दुकानात गल्ल्यावर असताना फोन कपाटात ठेवायला लावतात, तो तिथेच वाजत राहिला. शिंपीकाकांना लावला, म्हणजे निदान ते बाबांजवळ जाऊन बसले असते. फोन वाजला, वाजला, थांबला. मोटर चालू असली की काकांना आभाळ कोसळलेलं ऐकू येत नाही, फोन काय. बाबांचा लावला, संपर्क होऊ शकत नाही असं एक बाई गोड आवाजात सांगून गेली. हे रोजचंच होतं. आज ते रोजच्यासारखं वाटलं नाही.

मावशी समजूत घालत होती. पटकन काढ, पटकन लाव, एका श्वासाचं काम आहे.

"कुणाच्या श्वासाचं, मावशी?"

सुपलीनं चिमटीत पॅड धरला, डोळे मिटले आणि उपसला.

"साफ," मावशी म्हणाली. "अगं, एकदम साफ."

तिनं पॅड पुन्हा बसवला. चोर सापडला म्हणजे सुटकेचा श्वास यायला हवा. तिला तो आला नाही. तिसऱ्या फाट्यावर शंभरावर घरं. त्यांतलं कुठलंही असू शकतं, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण सांगणारा आवाज एक होता आणि ऐकणारे कान दुसऱ्याच कुणाचे.

शिडी गाडीवर टाकून ती फाट्याच्या मागे निघाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी पहिला अ‍ॅम्प्लिफायर, जिथे थकलेल्या सिग्नलला पुन्हा बळ देतात. तिथून तार दोन अंगांना जाते, एक शाळेकडे, एक तिच्या घराकडे. तिनं शाळेचं अंग आधी तोडलं. देवा, इथे असू दे, असं मनात म्हणतच तोडलं. मावशी म्हणाली, गवत तसंच. मग दुसरं अंग. साफ.

पुढचा अ‍ॅम्प्लिफायर दूध केंद्राच्या खांबावर. तिथेही घराकडची वाट तोडली. साफ.

रोज याच रस्त्यानं ती घरी जायची. पायांना वळणं पाठ होती. डोळे मिटून चालली असती. पण आज हा रस्ता तिला घरी नेत नव्हता, घराकडे ओढत होता. दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, गॅलरीतला कुणाच्या पोपटाचा पिंजरा, सगळं जागच्या जागी आणि तरी सगळं तिच्याकडे बघणारं. आई कधीकाळी दिवा लावताना गुणगुणायची ते तिच्या ओठांवर आपसूक आलं:

वारा हिंडे दारोदारी, वाऱ्याला कोण अडवी
कडी सैल ज्याच्या घरी, त्याचा दिवा तो विझवी

तिनं ओठ घट्ट मिटले. आईनं हे कधी भीतीनं म्हटलं नव्हतं. आज त्यात भीतीशिवाय काही उरलं नव्हतं.

शेवटचा खांब तिच्या दाराबाहेरचा. त्यावर एक टॅप, आणि टॅपमधून चार तारा चार घरांना. शिंपीकाकांच्या दुकानातून मोटरीचा आवाज येत होता. घराचं दार ओढलेलं. खिडकीचा पडदा धाकटीनं जाताना सारलेला, तसाच.

खरं तर इथे येऊन शिडी सोडून आत पळायला हवं होतं. तिचे पाय तसं सांगत होते. पण तिनं शिडी लावली. आत शिरून जे दिसेल त्याच्याआधी तीन घरं तिला हवी होती, तीन आशा. तिनं काकांची तार सोडवली. मावशी म्हणाली, नाही. पुन्हा आवळली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची सोडवली. नाही. पलीकडच्या, कुलूप लागलेल्या घराची सोडवली. नाही.

"चौथी कुणाची?" मावशीनं विचारलं.

"आमची."

"सोडव," मावशी म्हणाली.

सुपलीनं पाना लावला. आटे एकेक करून सुटले. तार हातात आली, काळी, हलकी, मेलेल्या सापासारखी.

"पडली," मावशी म्हणाली. "सगळी खरखर खाली पडली गं. वस्ती बोलायला लागली." आणि मग, "सुपले, बाबा?"

सुपली शिडीच्या अर्ध्यातूनच उडी टाकून खाली आली होती.

दार तिनं किल्लीनं उघडलं. पुढची खोली रिकामी. आतल्या खोलीत शिरताना कानातला फोन नेहमीसारखा तुटला, आणि मशीनची घरघर ऐकू आली. मशीन चालू होतं, एवढं तिनं पाहिलं. मग बाबा दिसले. उशीवरून घसरून आडवे झालेले, हनुवटी छातीला टेकलेली, ओठ शाई प्यायल्यासारखे निळे. पांढरी डबी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आणि तिच्यावर तक्क्या दाबलेला. तक्क्याखालून ती ओरडत होती, बारीक, कोंडलेल्या पाखरासारखी. मागच्या कोपऱ्यात मॉडेमची तार भिंतीतल्या जोडावर सैल झालेली दिसत होती. तुटलेली नाही, उपटलेली नाही. हातानं फिरवून, बेतानं, अर्धा वळसा सैल केलेली.

तिला सगळं एका नजरेत कळलं, आणि काहीच कळलं नाही. तिनं आधी बाबांना काखेत हात घालून वर ओढलं, पाठीशी तक्क्या दिला, नळी सरळ केली, मशीनची कळ वर फिरवली. डबीवरचा आकडा सत्तरीच्या आसपास तांबडा लुकलुकत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी, फक्त इथे तो वर यायला हवा होता आणि येत नव्हता.

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या तारेकडे पाहिलं. चोरी पकडलेल्या मुलासारखे त्यांचे डोळे खाली गेले.

"लावू नकोस ती," ते म्हणाले.

मग श्वासाच्या तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. जेवणानंतर छाती कोंडायला लागते, ते त्यांना आधी कळतं. डबीला कळायच्या आत ते उठायचे, जोडाला अर्धा वळसा उलटा द्यायचे, डबीवर तक्क्या ठेवायचे आणि पडून राहायचे. लाट येऊन जायची. ती गेली की वळसा पुन्हा सुलटा. तार पूर्ण काढली तर कुणाच्या तरी नजरेस येईल, म्हणून अर्धाच. घड्याळजीचा हात होता तो. किती फिरवलं की थांबेल आणि किती फिरवलं की चालेल, हे त्या बोटांना विचारावं लागत नसे. आज मात्र लाट आली ती परतलीच नाही.

सुपलीला ओरडावंसं वाटलं. तिनं एवढंच सांगितलं की तुमच्या त्या अर्ध्या वळशातून काकांच्या मोटरीची खरखर आत आली आणि सगळी वस्ती मुकी झाली, बाबा.

बाबांना ते खरंच कळेना. निळ्या ओठांवर नवल उमटलं. भिंतीवरचं एक घड्याळ थांबवलं तर शेजारचं थांबतं होय, असं ते म्हणाले. पन्नास घड्याळांच्या भिंतीखाली आयुष्य काढलेल्या माणसाला वाटलं होतं, आपलं एक गुपचूप थांबवावं. बाकीची टिकटिकत राहतील, कुणाला पत्ता लागणार नाही.

"पण का?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी.

"तुझी आई," बाबा म्हणाले आणि थांबले. श्वास गोळा केला. "हॉस्पिटलात पडद्याआड नेली. आपण दोघं बाहेर बाकावर. आत यंत्रं नुसती टीट टीट करत होती. ती हाक मारत होती की नव्हती, तुला ऐकू आलं?"

तिला ऐकू आलं नव्हतं. तिलाही नाही, बाबांनाही नाही.

"मला तिथे नको नेऊस, पोरी. एवढंच."

आकडा एक पायरी वर चढला आणि पुन्हा खाली उतरला. सुपलीच्या छातीत दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या बहिणींसारख्या. एक म्हणत होती, ते इथेच जातील, आत्ता, तुझ्या हातांत. दुसरी म्हणत होती, ते तिथे जातील, पडद्यामागे, आणि हाक मारतील, आणि तू बाकावर असशील. कुठलीही खोटी नव्हती.

बाबांनी तिची बाही धरली होती. बोटांत जोर नव्हता, तरी ती सोडवताना तिला जन्माएवढा वेळ लागला.

ती काकांच्या दुकानात शिरली आणि काही न बोलता भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर थांबली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, तिचा चेहरा वाचला आणि अर्धी शिवलेली बाही तशीच सुईत सोडून उठले. त्यांना बाबांच्या पाठीशी, तक्क्यासारखं, बसवून ती दारात आली, जिथे मोबाइल लागतो तिथे, आणि तिनं हॉस्पिटलला फोन केला.

नर्स तीच होती. ती गोंधळली, तिच्याकडे तर नोंद होती की त्या भागात लाइनला त्रास आहे, संपर्क तुटला तर काळजी नको.

"त्रास भागात नव्हता," सुपली म्हणाली. "आमच्या घरात होता. आकडा सत्तर आहे आणि वर येत नाहीये."

नर्सनं विचारलं, गाडी पाठवू का. आतून काकांचा आवाज येत होता, ते बाबांना काहीतरी वेडंवाकडं सांगून हसवायचा प्रयत्न करत होते. बाबांचा आवाज येत नव्हता. सुपलीनं दाराची चौकट घट्ट धरली.

"पाठवा. पण मी आत बसणार. पडद्याच्या आत, त्यांच्याजवळ. बाहेर बाकावर नाही बसणार मी."

नर्स म्हणाली, तसा नियम नाही. मग कागद सरकल्यासारखा काही आवाज झाला, आणि जरा हळू आवाजात ती म्हणाली की माझी ड्यूटी आहे तोवर बसा, पुढचं पुढे बघू.

हे पुरेसं नव्हतं. ड्यूट्या संपतात, माणसं बदलतात, पडदे ओढले जातात. पण तेवढंच मिळालं होतं, आणि तेवढं पदरात घेऊन ती आत आली.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. फसवलंस, असं ते खरंच म्हणाले की तिला नुसतं वाटलं, ते कळलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. काका पाठीमागून बाबांना धरून होते. मग भिंतीकडूनच प्रश्न आला.

"आत बसशील?"

"आत."

"मग हा हात धर. चिमटा नाही त्या बोटांचा."

तिनं तो धरला. गार होता, आणि हलका, आणि अजून काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखी त्याची बोटं तिच्या तळव्यात बारीक हलत होती.

गाडी आली. स्ट्रेचर दारातून तिरकं करावं लागलं. काकांनी दुकानाला कुलूप न लावताच रस्ता मोकळा केला. खांबाखालून जाताना सुपलीनं वर पाहिलं नाही. तिथे तिनं सोडवलेली तार हवेत लोंबत होती, आणि तिच्याविना सगळी वस्ती छान बोलत होती, हसत होती, पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बातम्या ऐकत होतं.

गाडीत बाबांच्या तोंडावर मास्क चढला. आकडा ऐंशीला टेकला, थांबला. गाडीतली बाई म्हणाली, बघू. सुपलीला वाटलं, जगात या शब्दाहून भीतीदायक दुसरा शब्द नसेल.

मग तिच्या कानात मावशी आली. ती तेव्हापासून फोन लावत होती. पडद्यावर सगळं स्वच्छ आहे, साहेब खुश आहेत, एक घर तेवढं गप्प दिसतंय, असं ती भराभर सांगत गेली, आणि मग ज्यासाठी फोन केला होता त्यापाशी येऊन अडखळली. बाबा कसे आहेत, एवढं विचारायला तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

सुपलीनं मास्ककडे पाहिलं. त्याच्या आतल्या बाजूला पुसट धुकं आलं, आणि विरलं. तिनं पुढच्या धुक्याची वाट पाहिली. ते यायला वेळ लागला.

आलं.

"आहेत," ती म्हणाली, आणि पुन्हा वाट बघू लागली.